मॉलच्या वरच्या मजल्यावरचा सिनेमा

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गाला मी मराठीत निबंध दिला होता, विषय 'आमच्या गावातील करमणुकीची साधने'. गोंदिया जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. मुलं घरी उर्दूमिश्रित हिंदी बोलतात, बाजारात छत्तीसगढी आणि पोवारी ऐकतात, आणि मराठीशी त्यांची खरी भेट माझ्या तासाला होते. त्यामुळे निबंध ओळखीच्या गोष्टींवर द्यावा लागतो. फळ्यावर मी चार मुद्दे लिहिले: मंडई, नाटक, टॉकीज, मोबाइल. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "टीचर, ये टॉकीज क्या होती?"

मागून एका मुलाने तिला समजावलं, "अरे, मॉल में ऊपर रहती ना, वो." वर्गातल्या एकतीस मुलांपैकी मॉलमधल्या थिएटरात चार जण जाऊन आले होते, चौघेही नागपूरला नातेवाइकांकडे गेले असताना. बाकीच्यांचा सगळा सिनेमा वडिलांच्या मोबाइलवरचा. त्या दिवशी घरी आल्यावर मला वाटलं, आपल्या पिढीने एक गोष्ट जन्मताना आणि म्हातारी होताना, दोन्ही वेळा पाहिली. मॉलमधलं थिएटर. टॉकीजवर रडणारे लेख पुष्कळ निघतात. या दुसऱ्या थिएटरचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही, बहुतेक ते अजून जिवंत आहे म्हणून.

सुरुवात टॉकीजपासूनच करावी लागेल. माझं लहानपण गोंदियात गेलं. हे जंक्शनचं गाव, धानाच्या गिरण्यांचं आणि बिडीच्या कारखान्यांचं. व्यापारी, हमाल, रेल्वेवाले, बिडी कामगार अशी सगळी माणसं असल्यामुळे टॉकीजला गिऱ्हाईक कमी नव्हतं. सिनेमा मात्र उशिरा यायचा. वितरकांच्या नकाशात आम्ही 'सी.पी. बेरार' सर्किटात होतो. तो प्रांत कागदावरून कधीच पुसला गेला, पण सिनेमाच्या धंद्यात आजही त्याच नावाने ओळखला जातो. प्रिंट महाग असायची, एकेक साठ-सत्तर हजारांची, म्हणून मोजक्याच काढत. आधी मोठी शहरं, मग जिल्ह्याची गावं, मग आम्ही. पत्र्याच्या गोल डब्यांतून रिळं रेल्वेने यायची आणि तोवर फिल्मवर इतक्या रेघा पडलेल्या असायच्या, की उन्हाळ्याच्या सीनमध्येही पाऊस दिसायचा.

अब्बा मला आणि भावाला घेऊन जायचे. सुरुवातीला पडद्यावर नाव तीन लिप्यांत यायचं: इंग्रजी, हिंदी, उर्दू. अब्बा कानात म्हणायचे, "उर्दूवाला पढ." माझं उर्दू वाचन कायद्यावर जेवढं झालं, जवळजवळ तेवढंच त्या पाट्यांवर झालं. उर्दू शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण माझ्या वयाच्या बऱ्याच लोकांची गोष्ट हीच आहे.

अम्मीची टॉकीज वेगळी होती. बायकांसाठी बाजूला बसण्याची जागा असायची, 'लेडीज' म्हणत. तिथे दुपारच्या शोला मोहल्ल्यातल्या चार-पाच जणी मिळून जायच्या, सोबत लहान मुलं, पिशवीत मुरमुरे. जुने मुस्लिम सामाजिक चित्रपट पुन्हा लागले, 'मेरे महबूब' किंवा 'चौदहवीं का चाँद', की अर्धा मोहल्ला तिथे. पण हे चित्र रंगवताना एक गोष्ट लपवू नये. तीन तासांत त्या बायका पाणी पीत नसत, कारण आत बायकांना जाण्यासारखी मोरी नव्हती. मध्यंतरात बाहेर पडायचं तर पानाच्या पिचकाऱ्या आणि टोमणे यांतून वाट काढावी लागायची. मी तेरा-चौदा वर्षांची झाले आणि माझं जाणं बंद झालं. कुणी रागावलं नाही, नियम केला नाही. फक्त पुढच्या वेळी अब्बा भावाला घेऊन निघाले आणि मला विचारलं नाही. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला तेव्हा एकदा सगळं घर गेलं, तेवढंच.

तोपर्यंत टॉकीजची अवस्था बिघडलेली होती. आधी व्हिडिओ आला, मग १९९२ नंतर केबल. घरबसल्या सिनेमा मिळू लागल्यावर कुटुंबं टॉकीजकडे फिरकेनाशी झाली. कुटुंबं नाहीत म्हणून मालकांनी खुर्च्या दुरुस्त केल्या नाहीत आणि भडक पोस्टरांचे सिनेमे लावले. त्या पोस्टरांमुळे उरलेली कुटुंबंही गेली. यात करमणूक शुल्क होतंच. १९२३ च्या मुंबई कायद्यापासून चालत आलेला हा कर मोठ्या शहरांत तिकिटाच्या ४५ टक्क्यांपर्यंत गेला होता. म्हणजे टॉकीजमध्ये सर्वांत नियमित येणारा प्रेक्षक सरकार होतं, आणि ते खुर्चीसुद्धा अडवत नव्हतं.

मॉल आणि सिनेमा यांची सोयरीक अमेरिकेत जमली. बंद छताखालच्या मॉलचा जनक मानला जाणारा व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा ज्यू वास्तुविशारद, हिटलरच्या माणसांपासून जीव वाचवून १९३८ मध्ये अमेरिकेत पोचलेला. १९५६ मध्ये मिनेसोटातल्या एडिना इथे त्याने साउथडेल सेंटर बांधलं. त्याला उपनगरातल्या एकाकी लोकांना व्हिएन्नासारखा चौक द्यायचा होता, जिथे माणसं भेटतील, बसतील. व्यापाऱ्यांनी चौक बाजूला ठेवला आणि दुकानं घेतली. म्हातारपणी ग्रुएनने या अपत्याचं पितृत्वच नाकारलं. मग १९६३ मध्ये कॅन्सस सिटीच्या एका शॉपिंग सेंटरमध्ये स्टॅनली ड्युरवूड यांनी एकाच इमारतीत दोन पडद्यांचं थिएटर काढलं. हिशेब साधा होता. तिकीटबारी एक, ऑपरेटर एक, पॉपकॉर्नचा काउंटर एक आणि सिनेमे दोन. एक पडला तर दुसरा सांभाळून घेतो. पुढे दोनाचे चार, सहा होत गेले. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला दहा पडद्यांचं 'द पॉइंट' उघडलं. ती कल्पना भारतात पोचायला आणखी बारा वर्षं लागली.

१९९७ मध्ये दिल्लीच्या साकेत भागातली जुनी अनुपम टॉकीज फोडून तिचे चार पडदे केले गेले आणि पीव्हीआर अनुपम सुरू झालं. आपल्या देशातलं हे पहिलं मल्टिप्लेक्स. त्या नावातला 'पी' म्हणजे दिल्लीतली प्रिया टॉकीज आणि 'व्हीआर' म्हणजे व्हिलेज रोडशो ही ऑस्ट्रेलियन कंपनी. आज 'पीव्हीआर' हा शब्दच मुलांसाठी थिएटर झाला आहे, पण त्याच्या पोटात एक टॉकीजच आहे.

महाराष्ट्रात मल्टिप्लेक्स आलं ते सरकारच्या मांडीवर बसून. २००१ च्या धोरणात मल्टिप्लेक्सना करमणूक शुल्क पहिली तीन वर्षं पूर्ण माफ आणि पुढची दोन वर्षं पंचाहत्तर टक्के माफ झालं. म्हणजे त्याच रस्त्यावरची जुनी टॉकीज कर भरत राहिली आणि वातानुकूलित थिएटराला सूट मिळाली. गरिबाच्या तिकिटावर कर आणि श्रीमंताच्या तिकिटावर माफी, हा न्याय मला अजून कळलेला नाही. सरकारचं म्हणणं गुंतवणूक येईल, रोजगार येईल असं होतं. ती आलीही. पण टॉकीज आपल्या मरणाने मेली असं जे म्हणतात त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मॉलवाल्यांना थिएटर हवं होतं ते सिनेमाच्या प्रेमाने नाही. थिएटर नेहमी सर्वांत वरच्या मजल्यावर असतं, कधी विचार केलाय का? सिनेमाला जाणारा माणूस सरकत्या जिन्याने चढताना प्रत्येक मजल्यावरच्या काचांसमोरून जातो आणि उतरताना पुन्हा जातो. थिएटर माणसं ओढून आणतं म्हणून त्याला भाडं कमी, आणि ती माणसं ज्यांच्या दुकानांपुढून जातात त्यांना भाडं जास्त. विहिरीवरच्या मोटेसारखी ही व्यवस्था. थिएटराने पाणी ओढायचं आणि पाटाने ते सगळ्या वाफ्यांत पोचवायचं.

ते पाणी कुणासाठी होतं हेही सुरुवातीलाच स्पष्ट होतं. १९९९ मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला. तिथे गर्दी इतकी झाली की काही दिवस आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर साठ रुपये भरा, असा नियम केला होता. ओरड झाली आणि तो मागे घ्यावा लागला. हाजी अलीच्या दर्ग्यात बादशहा आणि भिकारी एकाच दारातून जातात. तिथून हाकेच्या अंतरावर हे दार उघडलं होतं. पुढे असे नियम कुणी केले नाहीत, कारण गरज उरली नाही. तिकिटाचा दर तेच काम करू लागला.

माझी स्वतःची पहिली खेप २००८ च्या जानेवारीतली. बी.एड. होऊन नोकरीला लागून काही वर्षं झाली होती, लग्न झालं होतं. 'तारे ज़मीन पर' पाहायचाच असं आम्ही शाळेतल्या पाच जणींनी ठरवलं. सकाळी गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली. तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड, कामठी करत नागपूर. मॉलचं नाव लिहीत नाही, पुढे कारण येईल.

आत शिरल्यावर माझ्या मनावर पहिला ठसा कशाचा उमटला, तर स्वच्छतागृहाचा. हसू नका. पांढऱ्या फरशा, आरसा, नळाला पाणी, आतून कडी. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई, पन्नाशी ओलांडलेल्या, बाहेर येऊन म्हणाल्या, "बेटा, मैं ने ज़िंदगी में पहली बार पिक्चर से पहले पानी पिया है." मग नंबरच्या खुर्च्या. आपली जागा आपली, शेजारी कोण बसणार याची धास्ती नाही. शिट्ट्या नाहीत. आमच्यातल्या तिघी बुरख्यात होत्या, कुणी वळून पाहिलं नाही. दिवे गेले आणि आम्ही पाचही जणी, रोज मंद मुलांना 'ढ' म्हणणाऱ्या मास्तरणी, अर्ध्या तासात रडू लागलो.

म्हणून जेव्हा पुरुष लेखक टॉकीजच्या आठवणींनी गहिवरतात, शिट्ट्या, फेकलेली नाणी, लोकांचा सिनेमा वगैरे, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की कोणत्या लोकांचा? मॉलने गरिबाला बाहेर ठेवलं हे खरंच. पण टॉकीजने त्याच्या कितीतरी आधी बाईला बाहेर ठेवलं होतं. माझ्यासारख्या छोट्या गावच्या मुस्लिम बाईला वीस वर्षांनी सिनेमागृहाचं दार पुन्हा उघडलं ते त्या वरच्या मजल्यावर. ही गोष्ट जमाखर्चात जमेच्या बाजूला लिहिलीच पाहिजे. आमच्याकडे सिनेमा पाहावा की नाही यावर घराघरात वाद आहेत, माझे एक मामू तर त्यानंतर महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्या वादात आज शिरत नाही. मुद्दा एवढाच की, ज्यांना पाहायचा होता त्या बायकांना पाहता आला.

आता नाव न लिहिण्याचं कारण. दारावर पर्स तपासताना रखवालदाराने आमचा डबा काढून घेतला. त्यात पोहे-चिवडा आणि रव्याचे लाडू होते, शिवाय पाण्याच्या दोन बाटल्या. म्हणाला, बाहेरचं चालत नाही. ज्येष्ठ बाईंना साखरेचा त्रास होता, वेळेवर खावं लागे. त्याचा वरिष्ठ आला, त्याने बाईंकडे वरून खाली पाहिलं आणि "आप लोग डब्बा लेकर पिकनिक पे आए क्या?" असं म्हणून निघून गेला. आत आम्ही मक्याच्या लाह्यांचा एक कागदी डबा घेतला, तो आमच्या तिकिटाइतक्याच किमतीचा. तो खाऊन कुणाचं पोट भरलं नाही, पण बोलणं मात्र परतीच्या गाडीत कामठीपर्यंत पुरलं.

त्या लाह्या इतक्या महाग का, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तिकिटाच्या पैशात वाटेकरी असतात. २००९ साली एप्रिल ते जून निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात याच वाट्यावरून संप झाला, दोन महिने मोठा हिंदी सिनेमा लागला नाही. तडजोडीत ठरलं की पहिल्या आठवड्यात कर वजा जाता निम्मी रक्कम निर्माता-वितरकाला, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, नंतर तीस. लाह्यांच्या पैशात मात्र निर्मात्याला वाटा नाही. त्यामुळे थिएटर म्हणजे सिनेमाच्या निमित्ताने खाद्यपदार्थ विकण्याचं दुकान झालं. आमचा डबा त्या दुकानाच्या मुळावर येत होता. २०१८ च्या जुलैमध्ये नागपूरच्या पावसाळी अधिवेशनात मंत्र्यांनी सांगितलं की बाहेरचे पदार्थ नेण्यास बंदी करता येणार नाही. मी वर्गात मिठाई वाटायची बाकी ठेवली होती. प्रत्यक्षात काही बदललं नाही, आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की थिएटर ही मालकाची खासगी जागा आहे, तो बाहेरचे पदार्थ अडवू शकतो, फक्त पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागेल आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येणार नाही.

नागपूरच्या मॉलची गोष्ट निघाली की मला माझी मोमीनपुऱ्यातली खाला आठवते. खालू एम्प्रेस मिलमध्ये साचेखात्यात होते. ही मिल जमशेदजी टाटांनी काढलेली, कंपनी १८७४ ची. मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी. नाव त्यावरूनच पडलं. जागा जुम्मा तलावाजवळची दलदल. हाच तलाव शुक्रवारी आणि नंतर गांधीसागर झाला. तो बांधल्याचं श्रेय गोंड राजा चांद सुलतानला देतात, म्हणजे नागपूर वसवणाऱ्या आणि इस्लाम स्वीकारलेल्या बख्त बुलंद शाहाच्या वारसाला. दलदलीत भर टाकताना पाहून एका स्थानिक सावकाराने मिलमध्ये पैसे गुंतवायला नकार दिला होता, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय म्हणून. नंतर त्यानेच कबूल केलं की त्याने माती टाकून सोनं काढलं. ही गोष्ट नागपुरात सगळ्यांना पाठ आहे. १८८६ मध्ये या मिलने कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी काढला, १८९५ पासून अपघाताची भरपाई दिली. कायद्याने भरपाई सक्तीची व्हायला त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं लागली.

कामठी आणि नागपूरचे मोमीन-अन्सारी विणकर, हलबा-कोष्टी विणकर यांचे हातमाग मिलच्या कापडापुढे बसले, आणि त्यांचीच मुलं त्या मिलमध्ये लागली. खालूंचे वडील, मग खालू. भोंग्यावर अख्ख्या वस्तीचा दिवस चालायचा. खाला सांगते, रमजानमध्ये सहरीला उठायला गजर लागत नसे. १९८६ मध्ये मिल सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली. त्या जमिनीवर एम्प्रेस सिटी मॉल उभा राहिला. नाव ठेवलं, मिल नाही.

२०१२ च्या ईदला 'एक था टायगर' लागला होता. मुलांनी हट्ट धरला, म्हणून आम्ही खालालाही घेऊन गेलो. सरकत्या जिन्याशी ती थांबली. भीतीने असेल म्हणून मी हात धरला, तर ती म्हणाली, "तुम लोग जाओ. मैं नीचे बैठती. तेरे खालू का साँचा इधरिच कहीं था." आम्ही वर गेलो. अडीच तासांनी उतरलो तेव्हा ती त्याच बाकावर होती आणि एका तरुण झाडूवालीशी बोलत बसली होती. मुलीचे आजोबा पण मिलमध्येच होते म्हणे, दुसऱ्या खात्यात. मिलमध्ये कायम कामगार असत. ही मुलगी ठेकेदाराकडे रोजावर होती.

त्या मॉलचं पुढे काय झालं तेही वर्तमानपत्रांत आलं. २०१९ मध्ये एका बँक-कर्ज प्रकरणात अंमलबजावणी संचालनालयाने तो तात्पुरता जप्त केला, ४८३ कोटी किंमत लावून. सव्वाशे वर्षं जी जमीन कापूस खाऊन कापड देत होती, ती दहा वर्षांत कागदपत्रांच्या फाइलमध्ये गेली.

मॉल का पडतात, याचं उत्तर एकच नाही. बऱ्याच ठिकाणी बांधणाऱ्याने गाळे सुटे सुटे विकून टाकले. प्रत्येक गाळ्याला वेगळा मालक, म्हणून कुठे काय असावं हे ठरवणारा कुणी नाही, बंद पडलेला सरकता जिना दुरुस्त करायला वर्गणी गोळा होत नाही. बिग बझारसारखी मोठी दुकानं २०२२ मध्ये देशभर बंद झाली, तेव्हा कित्येक मॉलचा तळमजलाच रिकामा झाला. नाइट फ्रँक या संस्थेने आठ मोठ्या शहरांची पाहणी केली आणि चाळीस टक्क्यांहून जास्त रिकाम्या मॉलना 'भूत मॉल' म्हटलं. २०२२ मध्ये असे सत्तावन्न होते, २०२३ मध्ये चौसष्ट. नागपूर-अमरावतीचे त्यात धरलेलेच नाहीत.

थिएटरावर घाव वेगळ्या बाजूने आले. करमाफीची पाच वर्षं कधीच संपली होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि शंभर रुपयांवरच्या तिकिटाला २८ टक्के लागला, तो २०१९ च्या सुरुवातीला १८ वर आणला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, त्याच वर्षी नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन प्राइम. आणि मग मार्च २०२०. राज्यातली थिएटरं नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या खुर्च्यांवर उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंद राहिली. जून २०२० मध्ये 'गुलाबो सिताबो' थेट मोबाइलवर आला तेव्हा आमच्या घरी तो तिघांनी तीन खोल्यांत बसून पाहिला. पीव्हीआर आणि आयनॉक्स या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या २०२३ च्या फेब्रुवारीत एक झाल्या. मे महिन्यात त्यांनी सांगितलं की तोट्यातले सुमारे पन्नास पडदे बंद करणार, त्यांत आयुष्य संपलेल्या मॉलमधले पडदे आहेत. मॉललाही आयुष्य असतं आणि ते पंधरा-वीस वर्षांत संपतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. एम्प्रेस मिल सव्वाशे वर्षं चालली होती.

आमचा डबा काढून घेणाऱ्या त्या मॉलमध्ये मागच्या उन्हाळ्यात गेले होते. तळमजल्यावर मोबाइलच्या कव्हरांची दुकानं, पहिल्या मजल्यावर एक कोचिंग क्लास, त्यावर अंधार. सरकता जिना बंद होता म्हणून माणसं त्यावरून साध्या जिन्यासारखी चढत होती. थिएटराच्या दाराला साखळी. स्वच्छतागृहालाही. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

सगळीकडे असंच आहे असं नाही. मोठ्या शहरांत नवी थिएटरं उघडतायत, झोपता येईल अशा खुर्च्यांची. आणि आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटक चालतं. गावोगावची माणसं तिकीट काढून, गोधड्या घेऊन मंडपात बसतात. २०२३ मध्ये या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. व्हिडिओ, केबल, मॉल, मोबाइल सगळं येऊन गेलं तरी हे चालूच. का, याचा शोध कुणीतरी घ्यायला हवा. माझा अंदाज असा की तिथे डबा कुणी काढून घेत नाही.

तो निबंध मी शेवटी रद्द केला आणि त्याऐवजी मोहल्ल्यातल्या एका चाचांना वर्गात बोलावलं. ते तीस वर्षं टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. २००५ नंतर उपग्रहावरून सिनेमा थेट थिएटरात उतरू लागला, लहान गावांतही मुंबईच्याच दिवशी नवा सिनेमा लागू लागला, आणि रिळं बदलायला माणूस लागेनासा झाला. आता ते मुलाच्या किराणा दुकानात बसतात. त्यांनी मुलांना सांगितलं की मशिनी दोन असायच्या. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती एक ठिपका चमकतो, त्या क्षणी दुसरी मशीन सुरू करायची. बत्तीसाठी कार्बनच्या कांड्या जाळायच्या, त्या जळून कमी होतील तशा पुढे सरकवत राहायच्या. पूर्ण सिनेमाभर डोळा ठिपक्यावर आणि हात कांडीवर. म्हणजे त्यांनी शेकडो सिनेमे लावले, पण सलग बसून बघितलेले फार थोडे.

टॉकीज म्हणजे काय विचारणाऱ्या मुलीने पुन्हा हात वर केला. "चाचा, बीच में पॉज़ कैसे करते थे?"

चाचा हसले. म्हणाले, "बेटा, करते नहीं थे. फिल्म बत्ती के सामने रुकी, के जल गई." मग त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला फिल्मचा वीतभर तुकडा काढला. एका चौकटीत मधोमध तपकिरी भोक होतं. मुलांनी तो रांगेने हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. शेवटच्या बाकापर्यंत पोचायच्या आत घंटा झाली आणि गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले.